उपासातलं आवतण

२१ फेब्रुवारी १९८५
नाक्फाच्या डोंगरातून

आबा,

हे पत्र आपली धाकटी हिदात तुम्हाला वाचून दाखवेल. नको म्हणालात तरी दाखवेल, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. हिदात, एक कर. जिथे मी 'इथून पुढे तुझ्यापुरतं' असं लिहीन, तिथून आबांना वाचू नकोस. आणि वाचून झालं की कागद चुलीत घाल. गावाबाहेरच्या तळावरचे शिपाई हल्ली भाकरीच्या टोपल्यासुद्धा उलट्या करून बघतात, असं पत्र नेणारी बाई सांगत होती.

आबा, सात वर्षांतलं हे माझं चौथं पत्र. आधीची तीन पोचली की नाही, माहीत नाही. उत्तर आलं नाही, एवढंच माहीत आहे. तुमचा राग मला कळतो. आई गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, चाळिसावा दिवस होईपर्यंत थांब. मी अकराव्या दिवशीच लढवय्यांना सामील व्हायला डोंगराची वाट धरली. मग चाळिसाव्याला जमलेल्या साऱ्या गावासमोर तुम्ही आईचं शोकगीत म्हटलंत आणि त्यालाच जोडून माझंही. पंचक्रोशीत कुणी गेलं की मेल्केस म्हणायला ज्याला बोलावतात त्या माझ्या बापाने, तेवेल्देने, आपल्या जित्या पोराचं मर्तिक गायलं. दक्षिणेकडून आलेल्या एका लढवय्याने मला त्यातल्या चार ओळी म्हणून दाखवल्या. तो पोरगा मीच, हे त्याला ठाऊक नव्हतं. ओळी फार चांगल्या होत्या, आबा. मी त्याला तसं सांगितलंही.

इथे मला सगळे 'मर्तिकवाला' म्हणतात. नाव पाडलं लेतेब्रहानने. ती आमच्या शेजारच्या पथकाची प्रमुख, हाताखाली दहा जण. आधी अस्मारात सूतगिरणीत होती. तोंडाने फटकळ, पण चहातली शेवटची साखर दुसऱ्याला देणारी. मी इथे मेलेल्यांवर कविता करतो. दर महिन्याला सभा भरते, तिथे म्हणतो. लोक रडत नाहीत, इथे लढवय्यांत रडायची पद्धत नाही. पण म्हणून झालं की कुणी बराच वेळ बोलत नाही.

गेल्या महिन्यापासून मला आणखी एक काम लावलंय. शत्रूचा, त्या सरकारी फौजेचा, खंदक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मधे उतार, सुरुंग पेरलेले, डावीकडे एक घळ, वर माळ आणि खाली ओढा. दिवस मावळायला आला की मी पत्र्याचा कर्णा घेऊन बसतो आणि त्यांच्या शिपायांना कविता ऐकवतो. बाजारातून, शेतातून धरून आणलेली माणसं आहेत ती. 'परत जा, नाहीतर आमच्याकडे या, आम्ही तुम्हाला मारणार नाही' असा सगळा मजकूर. आमचे कमांडर झेरेझगी त्याला 'हत्यार' म्हणतात.

पहिल्या दिवशी माझं म्हणून झालं.  आणि समोरून आपल्याच भाषेत आवाज आला, नदीपलीकडच्या मुलखातल्या हेलाचा.

"ओ वरच्या आळीचे! सूर झ्याक लावलाय, पण तिसरी ओळ लंगडतेय की!"

आमच्या खंदकात लेतेब्रहान पोट धरून हसली. "मर्तिकवाल्या, धर! तुझा मास्तर आला समोरनं."

आणि आबा, तिसरी ओळ खरंच लंगडत होती.

तुमचा,
असगेदोम


२ मार्च १९८५

आबा,

उपास सुरू झाले असतील तुमच्याकडे. इथे बाराही महिने मसूर आणि ज्वारीची भाकरी, तेव्हा उपास कधी लागले आणि कधी सुटणार, ते कॅलेंडर बघून कळतं.

त्या आवाजाला नाव मिळालं. काहसाय. चाळिशीचा शेतकरी आहे. पाऊस नाही, पेरणी नाही, म्हणून दोघे भाऊ बैल विकायला बाजारात गेले आणि तिथूनच त्यांना ट्रकमध्ये घातलं. हे सगळं त्याने मला ओळी जोडून सांगितलं, कारण नुसतं बोललं की त्यांचा अधिकारी ओरडतो आणि गाणं म्हटलं की गप्प बसतो. त्या अधिकाऱ्याला आपली भाषा येत नाही. त्याला वाटतं, त्याचा शिपाई आमची टर उडवतोय.

रोज संध्याकाळी आमची जुगलबंदी चालायची. मी एक म्हणायचो, तो दुसरं. त्याने तुमच्यासारख्याच कुणाकडून तरी ऐकून ऐकून उचललेलं आहे, शिकलेला नाही. दोन्ही खंदक कान देऊन बसायचे. झेरेझगी म्हणाले, "चालू ठेव. माणूस सैल होतोय."

पण काल तो गायला नाही. साध्या आवाजात बोलला.

"वरच्या आळीचे, एक मागू का?"

"माग."

"घळीच्या तोंडाशी, तो फुटका दगड दिसतोय का तुम्हास्नी? त्याच्यामागं माझा देस्ता पडलाय. भाऊ माझा. बारा दिस झाले. आमचे सायेब म्हणत्यात, आणायला गेलास तर तुम्ही गोळी घालणार. तुम्ही घालणार का?"

आम्हाला तो वास बारा दिवस येत होता, आबा. वारा त्या बाजूने आला की लेतेब्रहानचं पथक नाकाला फडकी बांधायचं. तो कुणाचा, हे काल कळलं.

मी झेरेझगींकडे गेलो. त्यांचे वडील घड्याळजी. हातातलं काम टाकून ऐकत नाहीत. बंदुकीची कळ साफ करता करता म्हणाले, "उद्या सांगतो." आणि आज दुपारी बोलावून म्हणाले, "हो म्हण त्याला. बुधवारी दिवस मावळताना घळीतून ये म्हण, हत्याराशिवाय. भावाला ने, पुर. कुणी हात लावणार नाही. तुझा शब्द दे."

मी कर्ण्यातून शब्द दिला. "काहसाय, माझ्या आईची शपथ, कुणी हात लावणार नाही."

पलीकडे कुणीतरी मोठ्याने रडलं. एक नव्हे, दोघे-तिघे असावेत.

खंदकात तीन वर्षं काढली, पण असं काही केल्याचं समाधान पहिल्यांदा मिळालं. तुम्हाला लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

असगेदोम


६ मार्च १९८५, बुधवार

आबा,

हे पत्र मी नेहमीच्या टपालात टाकणार नाही. पत्र नेणाऱ्या त्या बाईच्याच हातात देईन. आणि ते तुम्हालाच लिहितोय. हे इथे कुणालाच सांगता येणार नाही, आणि सांगितलं तरी त्यातली खुबी तुमच्याइतकी कुणाला कळणार नाही.

आज सकाळी झेरेझगींनी बेत सांगितला. घळीत सहा जण दडून बसणार, जवळ दोर आणि घोंगडी. काहसाय भावापाशी वाकला की त्याला उचलायचं. पलीकडे चार रात्री ट्रकचे आवाज येतायत. तिथे काय चाललंय, ते सांगायला त्यांना एक जिवंत माणूस हवाय.

"मी त्याला शब्द दिलाय," मी म्हणालो.

"त्याला मारणार थोडंच आहोत? चहा पाजू, जखम असली तर बांधू. त्यालाही तिथून सुटका हवीच आहे."

"त्याला भाऊ पुरायचाय."

"आपल्याला दीडशे माणसं जगवायचीयत," झेरेझगी म्हणाले. आवाज चढवला नाही. "संध्याकाळी तू त्याला बोलाव. गाण्यात बोलाव, म्हणजे त्याला संशय येणार नाही."

मी 'बरं' म्हणालो. भांडलो नाही. दिवसभर दगडावर बसून राहिलो.

मग मला तुम्ही आठवलात. वर मेण, आत सोनं. लहानपणी मला समोर बसवून शिकवायचात. ऐकणाऱ्या दहांना मेण दिसावं आणि ज्याच्यासाठी म्हटलंय त्या एकाच्या हातात सोनं पडावं. मी कर्णा उचलला आणि म्हटलं:

*ये रे काहसाय, उतर घळीत, मांडव घातला दारी,*
*उपासाच्या या महिन्यात वरात निघू दे सारी;*
*कापला बोकड, शिजला रस्सा, वाढून ठेवलं ताट,*
*तुझ्याच भावाच्या उशाशी बसून बघतो तुझी मी वाट.*

झेरेझगींनी मान हलवली. त्यांना आग्रहाचं आमंत्रण ऐकू आलं. त्यांच्या घरी उपास कधी कुणी धरलेच नाहीत. पण उपासाच्या महिन्यात वरात निघत नाही आणि बोकड कापला जात नाही, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. असल्या जेवणाला जो जाईल, तो बाटेल. येऊ नकोस, एवढंच मी सांगितलं, आबा. सगळ्यांच्या देखत सांगितलं आणि कुणाला कळलं नाही.

  मग काहसायचं उत्तर आलं:

*ताट तुझं रे ठेव झाकून, आज न येणे दारी,*
*कोंबड्याआधी औतं जुंपतील गावची माणसं सारी;*
*माळ वरचा राहील पडीक, ओढ्याकाठी ओल,*
*फाळ उद्याचा त्याच काठी रुतेल बघ रे खोल.*

काय माणूस आहे, आबा! माझंच 'दारी' आणि 'सारी' उचलून उभ्या उभ्या परत केलं. शेताची कामं आहेत, येत नाही, असं सांगून आपली भाषा कळणाऱ्या त्याच्या साथीदारांसमोर वेळही मारून नेली. मला इतका आनंद झाला की मी कर्ण्यातून 'वाहवा' म्हणालो.

घळीतले सहा जण हात हलवत परत आले. झेरेझगी म्हणाले, "भित्रा निघाला," आणि गेले.

लेतेब्रहान मात्र माझ्याजवळ येऊन बसली. तिची आई केरेनमध्ये लग्नघरांसाठी ज्वारी आंबवून सुवा गाळते. पिंपंच्या पिंपं. उपासात ती पिंपं पालथी पडलेली असतात, हे तिने जन्मभर पाहिलंय.

"उपासात बोकड कापतोस होय रे?" ती हळूच म्हणाली.

मी कर्णा खाली ठेवला.

"मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "शब्द दिला होतास, पाळलास. मीही हेच केलं असतं. पण पुन्हा करू नकोस." मग जाता जाता वळली. तिच्या पथकातली त्सेगा बरोबर होती. "बरं, तो नांगराचं काय म्हणत होता?"

"काही नाही ग. यमक जुळवलं त्याने."

"असं होय," ती म्हणाली, आणि ओढ्याकडच्या आपल्या जागी गेली.

सात वर्षांत पहिल्यांदाच वाटतंय, आबा, की तुम्ही इथे असता तर पाठीवर हात ठेवला असता.

असगेदोम


१३ मार्च १९८५

आबा,

आमच्याकडे लढाई झाली. हल्ला परतवला. मी धड आहे, खरचटलंसुद्धा नाही. तुम्ही काळजी करत नसालच, पण हिदात करते म्हणून लिहितो. तब्येतीला जपा. गुडघ्यांना तेल लावत जा.

असगेदोम

हिदात, इथून पुढे तुझ्यापुरतं.

ते सात तारखेला पहाटे आले. कोंबडं आरवायच्या आधी. आम्ही सगळे वरच्या माळाकडे तोंड करून बसलो होतो, कारण आजवर प्रत्येक वेळी ते तिकडूनच आले होते. ते ओढ्यातून आले. ओढ्याच्या तोंडाशी लेतेब्रहानचं पथक होतं, ती धरून अकरा जण. आम्ही वरून खाली धावत पोचेपर्यंत त्यांनी एकट्यांनी ओढा अडवून धरला. दुपारपर्यंत सगळं संपलं. शत्रू मागे हटला, घळ आणि उतार आमच्या ताब्यात आला, नऊ कैदी मिळाले. आमचे चार गेले, चारही त्याच पथकातले. त्यात लेतेब्रहान. मी पोचलो तेव्हा ती बसलेली होती, पाठ दगडाला टेकवून. मला वाटलं, आता शिवी देईल.

कैद्यांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. मांडीला गोळी लागलेला एक माणूस पडला होता. दाढी पांढरी व्हायला लागलेली, पाय भेगाळलेले. मी पाणी पुढे केलं आणि विचारलं, "दुखतंय का?"

त्याने डोळे उघडले. आवाजावरून त्याने मला ओळखलं आणि मी त्याला.

"वरच्या आळीचे?"

"काहसाय."

तो प्याला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुमच्यातली किती मेली?"

"चार."

"कुठं?"

"ओढ्यात."

हिदात, त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की पाणी सांडलं. "पण मी तुम्हास्नी सांगितलं हुतं की! कोंबड्याआधी औतं जुंपणार, माळावर न्हाई, ओढ्याकाठी. उघड बोललो असतो तर आमच्यातल्याच कुणी सायबास्नी कळवलं असतं, अजून काय सांगाय पायजे हुतं? भुई भाजून निघालीय, तीन सालं पाऊस न्हाई, असल्या भुईत कोण औत घालतं? तुम्ही माझ्यासाठी बोकड कापला, मी तुमच्यासाठी औत जुंपलं. मला वाटलं, ह्यो माणूस समजून घेईल. तुम्ही 'वाहवा' म्हणालात! मी म्हटलं, कळलं ह्यास्नी. मी त्या रातीला निवांत झोपलो, सायेब. म्हटलं, तुमची माणसं ओढ्यात तयार असतील आणि आमचे सायेब बघून माघारी फिरतील."

मी 'वाहवा' म्हटलं होतं.

लेतेब्रहान गिरणीतली. तिला औत, ओल, फाळ काय कळणार? तरी तिने विचारलं. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, आबांच्या मांडीवर बसून हे शिकलो, आणि मला यमक ऐकू आलं.

आता हे फक्त काहसायला आणि मला माहीत आहे. तो म्हणाला, "मी न्हाई बोलणार. तुम्ही माझा जीव राखलाय." आणि काल झेरेझगी आले. त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाले, "ओढ्याच्या चौघांवर तू लिही. महिनाअखेर सभा आहे. चांगलं लिही, असगेदोम. ते लिहायला तुझ्याशिवाय कोण आहे आपल्याकडे?"

मी 'बरं' म्हणालो. पुन्हा 'बरं'च म्हणालो. कागद समोर आहे. मी लिहू शकतो, हिदात, हीच तर भीती आहे. बसलो तर चांगलं लिहीन, आणि लोक बराच वेळ बोलणार नाहीत.


२९ मार्च १९८५

आबा, आणि हिदात,

यात कुठलीही ओळ लपवायची नाही. हिदात, सगळं मोठ्याने वाच. मागच्या पत्रातलंही, कागद चुलीत गेला असला तरी, आठवून सांग.

परवा सभा झाली. सगळे दगडांवर बसले होते. मी उभा राहिलो आणि कविता म्हटली नाही. बोकडाचं आणि औताचं, दोन्ही सांगितलं. शब्द कुणी द्यायला लावला आणि कसा मोडायला लावला, तेही सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं कळलं नसतं. सांगायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, लागेल.

 मग मागून एक जण ओरडला, "गोळी घाला त्याला!" आणखी दोघे ओरडले. झेरेझगी उठले. मारतील असं वाटलं. ते माझ्या अगदी जवळ येऊन थांबले.

"मला येऊन का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. "हे करणार नाही म्हणून भांडायचं होतंस. मी शिवी दिली असती, कोंडून ठेवलं असतं. पण मग मीही रात्रभर विचार केला असता की हा का भांडला. का नाही भांडलास?"

"गाण्यात सांगणं सोपं होतं," मी म्हणालो. हेच खरं होतं. सात वर्षांपूर्वी तुमच्याशीही मी भांडलो नव्हतो, आबा. चाळिसावा होईपर्यंत थांबलो असतो तर मग गेलोच नसतो, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. न सांगता निघून गेलो.

झेरेझगी लोकांकडे वळले. "त्याला शब्द मी द्यायला लावला आणि मीच मोडायला लावला. हेही लिहून घ्या."

शेवटी त्सेगा उभी राहिली. पथकातल्या वाचलेल्या सात जणांतली ती. तिच्या हाताला अजून पट्टी आहे. ती फक्त एवढंच म्हणाली, "लेतेने याला नांगराचं विचारलं होतं. मी शेजारी उभी होते." आणि खाली बसली.

तीन तास चर्चा झाली. माझी बंदूक काढून घेतली. सहा महिने दगड वाहायचे, मेलेल्यांना पुरायचं. कर्णा दुसऱ्याकडे. कविता करायची नाही, म्हणायची नाही, लिहायची तर नाहीच. पत्राला परवानगी आहे. माझ्याशी कुणी बोलत नाही. जेवणाचं ताट पुढे सरकवतात, तेव्हा बोटं लागणार नाहीत अशा बेताने सरकवतात.

काल देस्ताला पुरलं. काहसाय काठी टेकत आला होता. फुटक्या दगडामागे जे काय उरलं होतं ते आम्ही दोघांनी घोंगडीत गोळा केलं. त्याने विचारलं, "दोन ओळी म्हणता का?" मी म्हणालो, मला मनाई आहे. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. मला तर शोकाचं काही येतच न्हाई, टर उडवायचंच येतंय." मग त्याने नुसतीच नावं घेतली. देस्ताचं, त्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं, सातव्या पिढीपर्यंत. कुठेही अडखळला नाही.

तिथे मला कळलं की लेतेब्रहानच्या बापाचं नाव आमच्यात कुणालाच माहीत नाही. त्सेगालाही नाही. तिला फक्त एवढं माहीत आहे की आई केरेनला, घोड्यांच्या तबेल्यामागच्या आळीत राहते, आणि तिला सगळे सुवावाली म्हणतात. हे तिने मला स्वतः येऊन सांगितलं. एवढंच सांगितलं आणि गेली.

आबा, मला तिथे जाता येत नाही. केरेन शत्रूकडे आहे. संघटनेचा निरोप जायला वर्षं लागतात, आणि निरोपात 'शूरपणे लढली' एवढंच असतं. तिच्या आईला कुणीतरी जाऊन खरं सांगायला हवं. माझं नाव घेऊन सांगायला हवं. तुम्हाला हे मागायचा मला काही अधिकार नाही.

असगेदोम


१९ मे

दादा,

तू 'वाचू नकोस' म्हणालास ते मी पहिल्यापासून सगळंच वाचत आले. आबांना कळतं मी कुठे थांबतेय ते, मग उगाच कशाला?

तुला एक सांगायचंय. सहा मार्चचं तुझं पत्र आमच्याकडे तेवीस तारखेला पोचलं. मी त्या ओळी वाचल्या. तुझ्या बोकडाला आबा हसले. खरंच हसले, मी पाहिलं. मग त्या माणसाच्या ओळी वाचल्या आणि ते ताडकन उठले. "पुन्हा वाच." वाचलं. "अग, ते ओढ्यातून येतायत! त्याला सांग कुणीतरी, ओढ्याकडे जा म्हणावं!" दारापर्यंत धावले, अनवाणी. मी हात धरून आत आणलं. म्हटलं, आबा, हे सतरा दिवसांपूर्वीचं आहे. मग तुझं पुढचं पत्र येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. एक मर्तिक आलं होतं, तिथेही गेले नाहीत.

शेवटचं पत्र वाचून झाल्यावर त्यांनी शाल मागितली. मी म्हटलं, वाटेत तीन चौक्या आहेत, तुमचं वय काय? म्हणाले, "म्हाताऱ्याला कोण अडवतंय?" अडवलं त्यांना. दुसऱ्या चौकीवर दोन दिवस बसवून ठेवलं. नवव्या दिवशी केरेनला पोचले.

हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिते.

त्या बाईचं नाव मेब्रात. दुष्काळामुळे लग्नं नाहीत, म्हणून आता पाणी विकते. आबांनी सगळं सांगितलं. आधी बातमी, मग तुझं. बोकड, औत, 'वाहवा', 'यमक जुळवलं', काही ठेवलं नाही. मुलीने तुला विचारलं होतं, तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "बाई, मी मेल्केस म्हणणारा आहे. म्हणशील तर तिचं म्हणतो." ती म्हणाली, "नको. तुमच्या घरातलं गाणं पुरे झालं आम्हाला."

आबा उठायला लागले. ती म्हणाली, "बसा. आलायत तसे जेवून जा." तीन दिवस तिने त्यांना जाऊ दिलं नाही. लोक येत होते, बसत होते. आबा पाणी भरत होते. पोरीच्या बापाचं नाव हब्तेझ्गी. ते त्सेगाला सांग.

निघताना त्यांनी विचारलं, "माझ्या मुलाला काय सांगू?"

ती बराच वेळ हंडा घासत होती. मग म्हणाली, "माफ केलं म्हणू नका, मी केलेलं नाही. शाप दिला असंही म्हणू नका. लढाई संपली की त्याला माझ्याकडे पाठवा. इथे माझ्यासमोर बसू दे. मला विचारायचंय, ती शेवटी कशी दिसत होती, कशी बोलायची, काय खायची, कुणावर चिडायची. सात वर्षं मी तिला पाहिलेलं नाही, त्याने पाहिलंय. तोवर मरायचं नाही म्हणावं त्याला. तो मेला तर मी कुणाला विचारू?"

आबांनी मला हे दोनदा लिहायला सांगितलं. दादा, मरू नकोस. ती वाट बघतेय.

हिदात